जुन्या ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मोडलाय? वेल्डिंगवाल्याला फोन करायच्या आधी हे वाचा

पुढचा एक्सल मोडला की आपल्याकडं पहिला फोन वेल्डिंगवाल्याला जातो. तो येतो, ट्रॅक्टरखाली झोपतो, तडा भरतो, वर दोन पट्ट्या ठोकतो आणि संध्याकाळी ट्रॅक्टर परत रानात. मग दोन महिन्यांनी त्याच पट्टीच्या कडेला बोटभर अंतरावर परत मोडतो, आणि लोक म्हणतात लोखंडच खराब. लोखंडाला काही झालेलं नसतं, एक्सल ज्या कारणानं मोडला ते कारण तसंच आत बसलेलं असतं. बहुतेक वेळा ते म्हणजे सेंटर पिनचा, म्हणजे ज्या पिनेवर एक्सल मधोमध डुलतो तिचा, झिजलेला बुश (पिनेभोवतीची नळी), ज्याच्याकडं कोण बघतच नाही.

खाली लिहिलंय ते ३० ते ४० एचपीच्या जुन्या टू-व्हील ट्रॅक्टरसाठी आहे, म्हणजे महिंद्रा २६५, मॅसी १०३५, स्वराज ७३५ या घरातले, पुढं ६.००-१६ चा टायर, मधे एक बीम, बीमच्या दोन टोकांत सरकणारे हात, हाताच्या टोकाला किंगपिन (चाक वळतं ती उभी पिन) आणि हब (ज्याला चाक बोल्टनं बसतं). फोर-व्हीलचा पुढचा एक्सल म्हणजे आत गिअर आलेच, ते काम वेगळं, ते यात धरू नका.

१. रानात मोडलाय, तिथं काय करायचं

इंजिन बंद, हँडब्रेक ओढा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगडाची उटी. मागं ट्रॉली असेल तर आधी ट्रॉलीच्या चाकांना उटी आणि मगच पिन काढा, नाहीतर भरलेली ट्रॉली उतारानं निघून जाते. मागं रोटर किंवा नांगर असेल तर खाली जमिनीवर टेकवून ठेवा, हवेत लटकत ठेवू नका.

दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी लावून ओढत घरी आणायचा मोह होतो. नका ओढू. तुटकं टोक जमिनीत रुततं, टाय रॉड (स्टिअरिंगनं चाकं वळवणारा दांडा) वाकतो, आणि ज्या कामाला एक पार्ट लागला असता तिथं चार लागतात. जागेवरच दुरुस्त करा, किंवा पुढचा भाग नीट उचलून घ्यायची सोय असेल तरच हलवा.

२. मोडलेली जागा बघा, पुसू नका

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. ब्रश मारायच्या आधी, डिझेलनं धुवायच्या आधी, मोडलेल्या तोंडाचा मोबाईलवर जवळून फोटो काढा आणि उजेडात नीट बघा. एक भाग काळपट किंवा गंजलेला दिसेल, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वळणाच्या रेघा असतील. उरलेला भाग चकचकीत, साखरेच्या दाण्यासारखा. काळपट भाग म्हणजे जुना तडा, तो कित्येक महिने हळूहळू वाढत होता. चकचकीत भाग आज मोडला.

आमच्या ट्रॅक्टरचा मोडला तेव्हा पाऊण भाग काळा होता. म्हणजे अख्खा ऊस हंगाम तो बीम चतकोर लोखंडावर चालला होता आणि आम्ही त्या बांधाला शिव्या देत होतो जिथं शेवटचा दणका बसला.

काळा भाग कुठल्या कडेला आहे ते बघा. बीमचं वजन मधे आणि आधार दोन टोकांना, त्यामुळं खालची बाजू ताणली जाते आणि तडा बहुतेक खालून सुरू होतो. खालून सुरू झाला असेल तर ओझं किंवा दणके. तडा समोरच्या किंवा मागच्या कडेनं सुरू झाला असेल तर एक्सल पुढं-मागं हलत होता, म्हणजे सेंटर पिन ढिली. आणि सगळंच तोंड चकचकीत असेल तर खरंच एका दणक्यात गेलाय, मग दुसऱ्या बाजूचा हातही वाकलेला असणार असं धरूनच चाला.

नेमकं काय मोडलंय तेही आत्ताच ठरवा: हबच्या आतल्या बेअरिंगजवळ स्पिंडल (चाक ज्या दांड्यावर फिरतं तो), हाताच्या बोल्टच्या भोकातून तडा, बीम मधोमध, की सेंटर पिनच. पुढचा सपोर्ट, म्हणजे ज्यात सेंटर पिन बसते ते ओतीव, त्यालाच तडा असेल तर इथंच थांबा, तो पार्ट बदलल्याशिवाय बाकीच्याला हात लावून उपयोग नाही.

३. सामान आधी, पाना नंतर

अर्धा ट्रॅक्टर खोलून मग बाजारात पळणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे. आधी गोळा करा: पाच टनी किंवा वरचा बॉटल जॅक, चार-सहा जाड लाकडी ठोकळे, रेल्वे स्लीपरचे तुकडे मिळाले तर सोनं, एक जाड फळी, पहार, दोन हातोडे, घण, गोटी पाना सेट, आणि पान्याला लावायला तीन फुटी पाइप. सेंटर पंच, खडू, रॉकेल, टेप. सेंटर पिनचे बुश, किंगपिनचे बुश, थ्रस्ट बेअरिंग, हबचं सील, स्प्लिट पिना, ग्रीस निपल हे नवीनच आणून ठेवा, बाकीच्या मानानं ही किरकोळ किंमत आहे.

बोल्टबद्दल एक. जुन्या ट्रॅक्टरमध्ये बरेच बोल्ट इंचाच्या आट्यांचे असतात, त्यात मिलीमीटरचा बोल्ट "बसतोय की" म्हणून दोन आटे फिरवून घुसवला तर आटे गेले. जुना बोल्ट दुकानात घेऊन जा. डोक्यावर बघा, मिलीमीटरच्या बोल्टवर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो, इंचाच्या बोल्टवर रेघा असतात, ३ रेघा म्हणजे ग्रेड ५, ६ रेघा म्हणजे ग्रेड ८. जुन्यावर जे असेल तेच किंवा वरचं घ्या. कोऱ्या डोक्याचा बोल्ट एक्सलला लावायचा नाही, विषय संपला.

४. उचलणं

सगळ्यात जास्त घात इथं होतो म्हणून जरा थांबून वाचा.

टू-व्हील ट्रॅक्टर म्हणजे तिवई. मागं दोन चाकं आणि पुढं एकच सेंटर पिन, त्या पिनेवर अख्खं इंजिन डावीकडं-उजवीकडं डुलू शकतं. आपण मधोमध एक जॅक लावतो तेव्हा पिनेच्या जागी जॅक येतो, डुलणं तसंच राहतं, फक्त आता ते गुळगुळीत लोखंडावर. १७०० ते १९०० किलोच्या ट्रॅक्टरचं साधारण तिसरा हिस्सा वजन पुढं असतं, म्हणजे ६०० किलोच्या आसपास, आणि तुम्ही त्याच्या खाली पाना घेऊन. आमच्या चुलत्यांनी असाच एका जॅकवर घेतला होता, घट्ट नटाला पाइप लावून हिसका दिला आणि ट्रॅक्टर बाजूला बसला. माणूस बाहेर होता म्हणून वाचला, रेडिएटर नाही वाचला.

क्रम असा ठेवा. ट्रॅक्टर सपाट कडक जागेवर, मागच्या चाकांना चारी उटी, गिअर टाकलेला. एक्सल आणि पुढच्या सपोर्टमधल्या फटीत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोका, म्हणजे उचलताना इंजिन डुलणार नाही. जॅकखाली फळी. जॅकच्या डोक्यावर लाकूड. पत्र्याच्या ऑइल चेंबरखाली जॅक लावायचा नाही, क्लच हाउसिंगच्या जाड भागाखाली किंवा पुढच्या सपोर्टच्या मागच्या बाजूला लावा, म्हणजे एक्सल पुढून काढायला वाट मोकळी राहते. दोन इंच उचला, ठोकळे सरकवा, परत दोन इंच. ठोकळ्यांच्या दोन थप्प्या, एक डावीकडं एक उजवीकडं, जेवढ्या लांब लांब बसतील तेवढ्या, उभ्या-आडव्या रचून. मग जॅक उतरवून वजन थप्प्यांवर घ्या, जॅक नुसता टेकलेला राहू दे.

तपासा: बाजूला उभं राहून दोन्ही हातांनी ट्रॅक्टरला जोरात ढकला. हलला तर परत रचा. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक चालत नाहीत, ते न सांगता फुटतात.

५. खोलायच्या आधी मापं आणि खुणा

दोन्ही हात बीममध्ये कितव्या भोकावर आहेत ते मोजा. टाय रॉडची लांबी बॉलच्या मध्यापासून मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंची. किंगपिनच्या वर जो स्टिअरिंग आर्म आहे तो आणि किंगपिनचं डोकं यावर सेंटर पंचनं खूण करा, डावीकडं एक टिंब, उजवीकडं दोन. खडूची खूण डिझेलनं जाते आणि मग आर्म एक दात इकडं-तिकडं बसला की वळताना एक चाक घासत चालतं.

आता पहार बीमखाली घालून सेंटर पिनपाशी वर-खाली आणि पुढं-मागं हलवून बघा. खट्-खट् आवाज येऊन डोळ्याला दिसेल एवढं हलत असेल तर तुमच्या एक्सलचा खरा खुनी सापडला. हे आत्ताच बघायचं, खोलल्यावर कळत नाही.

६. खोलणं

क्रम: चाकं, मग टाय रॉड, मग हब, मग किंगपिन, शेवटी हात आणि बीम. चाकाचे नट मात्र चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच अर्धा आटा ढिले करून ठेवा, म्हणजे चौथ्या पायरीच्या आधी. लिहायला हवं तिथं लिहिलं नाही कारण लोक पायऱ्या न वाचता सुरू करतात, तुम्ही पूर्ण वाचताय हे बरंय.

टाय रॉडचा बॉल जॉइंट निघत नाही म्हणून लोक आट्यांवर हातोडा मारतात आणि आटे चेपतात. नट दोन आटे ढिला करून तसाच ठेवा, आर्मच्या डोळ्याला एका बाजूनं जड हातोडा टेकवा आणि समोरून दुसऱ्या हातोड्यानं दणका द्या, दोन-तीन दणक्यांत टेपर सुटतो.

बीम काढताना तो एकट्याला पेलेल असं समजू नका. खाली जॅक आणि फळी लावा, सेंटर पिन काढा, हळूहळू उतरवा. पिन अडकली असेल तर लॉक बोल्ट काढलाय का ते आधी बघा, तो तसाच ठेवून अर्धा दिवस घण मारणारे मी पाहिलेत. त्यातला एक मीच.

७. काय वेल्ड करायचं, काय भंगारात टाकायचं

सरळ सांगतो. स्पिंडल, किंगपिन, सेंटर पिन, स्टिअरिंग आर्म: वेल्ड नाही, कधीच नाही. हे घडीव आणि उष्णता देऊन कडक केलेलं पोलाद असतं, वेल्डच्या शेजारचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो आणि तिथंच परत मोडतो, फरक एवढाच की तेव्हा तुम्ही रस्त्यावर ट्रॉली घेऊन असता. नवीन घ्या किंवा चांगला जुना घ्या.

बीम आणि हात यांचं मात्र बघावं लागतं. ग्राइंडर टेकवा: लांब, पिवळ्या-पांढऱ्या, फाटे फुटणाऱ्या ठिणग्या म्हणजे पोलाद. आखूड, लालसर, लगेच विझणाऱ्या म्हणजे बीड, म्हणजे ओतीव लोखंड. खात्री नसेल तर ड्रिल टेकवून बघा, पोलादाचा वळणदार कीस निघतो, बीडाची पूड. बीडाचा असेल तर वेल्डिंगचा नाद सोडा, बदला. पोलादी पत्र्याचा चौकोनी बीम असेल तर नीट वेल्ड टिकतो, पण "नीट" या शब्दावर सगळं आहे.

बीम ट्रॅक्टरवरून काढूनच वेल्ड करा. धुवा, वाळवा. मग संशयाच्या सगळ्या भागाला रॉकेल चोपडा, दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसा आणि खडू घासा. न दिसणारा तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या खडूवर केसासारखी ओली रेघ उमटते. मोडलेल्या बाजूला करता तसं न मोडलेल्या बाजूलाही करा, विशेषतः हातांच्या बोल्टच्या भोकांभोवती. पूर्ण न मोडलेल्या तड्याच्या दोन्ही टोकांना ५-६ एमएमचं भोक पाडा, नाहीतर तो वेल्डच्या पुढं सरकत राहतो.

दोन तुकडे जुळवताना सरळपणा आधी. सेंटर पिनच्या भोकापासून दोन्ही टोकांची अंतरं सारखी, वरून दोरी ताणून बघा, आणि किंगपिनची भोकं दोन्हीकडं सारख्याच कलतात का ते लांबून डोळा लावून बघा. जुळलं की अँगलचा तुकडा टाके मारून बांधा, वेल्ड ओढतो तेव्हा बीम हलत नाही.

कडा ग्राइंडरनं उतरत्या करा, दोन्ही मिळून इंग्रजी व्हीसारखी खाच झाली पाहिजे, तळाशी २-३ एमएमची फट. तसाच वरून वेल्ड फिरवला तर आत तडा तसाच. वेल्डिंगचा रॉड ७०१८ नंबरचा, साधा ६०१३ नाही. ७०१८ ला दमट हवा चालत नाही, पावसाळ्यात उघडं पडलेलं पाकीट असेल तर ३०० ते ३५० अंशाला तास-दोन तास भाजून घ्यावं लागतं, गावात ते जमत नाही म्हणून नवीन सीलबंद पाकीटच आणा. डीसी किंवा इन्व्हर्टर मशीन, रॉड प्लसवर. ३.१५ एमएमच्या रॉडला १०० ते १३० अँपिअर. जाड बीम आधी गॅसनं गरम करा, पाण्याचा थेंब टाकला की चर्र होऊन उडाला पाहिजे. पहिला थर, खपली पूर्ण काढा, मग दुसरा, बाजू बदलत बदलत. झाल्यावर पाणी ओतायचं नाही, चहाला जा, बीम आपोआप गार होऊ दे.

वरून पट्टी लावायची असेल तर चौकोनी तुकडा नाही, दोन्ही टोकं निमुळती करा, पतंगासारखी, आणि पट्टी बाजूंना लावा. बीमच्या खालच्या अंगाला आडवा वेल्ड सोडू नका. सगळ्यात जास्त ताण तिथंच, आणि "पट्टीच्या कडेला परत मोडला" याचं कारण नेमकं हेच असतं. शेवटी ग्राइंडर फिरवताना ओरखडे बीमच्या लांबीच्या दिशेनं जाऊ द्या, आडवे नको.

८. सेंटर पिन आणि बुश

ही पायरी गाळायची असेल तर वरचं काहीच करू नका.

जुना बुश काढा, आणि बुश ज्या भोकात बसतो ते भोक लंबगोल झालंय का ते बघा. झालं असेल तर नवीन बुश आठ दिवसांत ढिला होतो. लेथवाल्याकडं नेऊन भोक मोठं करून आत स्लीव्ह बसवून घ्या. पिनेवर नखाला लागेल एवढी पायरी असेल तर पिन नवीन.

बुश बसवताना दोन चुका ठरलेल्या. पहिली, बुशचं ग्रीसचं भोक निपलच्या समोर येत नाही. मग तुम्ही वर्षभर इमानदारीत ग्रीसगन मारता आणि पिनेला ग्रीसचा थेंब पोचत नाही. बसवायच्या आधी बाहेर खूण करा, बसवल्यावर निपल काढून भोकातून तार घालून बघा. दुसरी, हातोड्यानं थेट ठोकून बुशची कड चेपणं. प्रेस नसेल तर लांब बोल्ट, दोन जाड वायसर आणि नट घेऊन ओढत बसवा. बसल्यावर बुश आतून थोडा आवळतो, त्यामुळं रीमर (भोक आतून तासून नेमक्या मापाला आणणारं हत्यार) मारावा लागतो. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या जोरानं आत जावी, हातोड्यानंही नाही आणि आपोआप घसरूनही नाही.

बीम बसवल्यावर पुढं-मागं प्ले, म्हणजे ढिलेपणा, राहिला तर शिम (पातळ चकती) किंवा थ्रस्ट वायसर घालून काढा. बीम हातानं वर-खाली डुलला पाहिजे, पुढं-मागं नाही.

९. जोडणी

हात बीममध्ये दोन्हीकडं सारख्याच भोकावर. फार बाहेर ओढलेला हात म्हणजे जास्त लांब दांडा, बीमवर जास्त ताण, त्यामुळं पिकाच्या सरीला गरज नसेल तर आतच ठेवा. बोल्ट टॉर्क पान्यानं, १६ एमएमच्या ८.८ ला साधारण २०० न्यूटन-मीटर, तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो खरा.

किंगपिनचं थ्रस्ट बेअरिंग झाकणाची बाजू वर ठेवून, नाहीतर चिखलाचं पाणी आत साचतं. हबमध्ये आधी आतलं बेअरिंग, सील, ग्रीस तळहातावर घेऊन रोलरमध्ये दाबून भरा, वरून नुसतं फासायचं नाही. चाक फिरवत फिरवत नट आवळा, जड लागलं की मागं घ्या आणि स्प्लिट पिन जाईल त्या पहिल्या खाचेवर ठेवा. चाक वर-खाली धरून हलवा: खडखड नको, आणि ढकलल्यावर मोकळं फिरावं. जुनी स्प्लिट पिन सरळ करून परत घालू नका, वीस रुपयांसाठी चाक घालवाल.

१०. टो-इन

टो-इन म्हणजे दोन्ही चाकं पुढच्या बाजूला किंचित जवळ असणं. याशिवाय काम अर्धं. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे फिरतं ते मोजा, बरोबर अर्ध्यावर आणा. दोन्ही टायरमधे हवा सारखी. दोन्ही टायरवर पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर, मधोमध खडूनं खूण, अंतर मोजा. ट्रॅक्टर ढकलत पुढं न्या, खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर आल्या की परत मोजा. पुढचं माप मागच्यापेक्षा ३ ते ५ एमएमनं कमी पाहिजे. टाय रॉड दोन्हीकडचे सारखेच फिरवा, एकाच बाजूनं भरून काढलं तर स्टिअरिंग वाकडं राहतं. चेकनट आवळल्यावर परत एकदा मोजा, आवळताना माप सरकतं.

११. पहिले दहा तास

पहिल्या दिवशी ट्रॉली नाही, लोडर नाही. रिकामा दोन तास फिरवा, मग हातांचे बोल्ट, चाकाचे नट, टाय रॉडचे चेकनट सगळे परत आवळा, हबला हात लावून बघा, हात ठेवता येत नसेल एवढा गरम म्हणजे बेअरिंग जास्त आवळलंय. दहा तासांनी परत एकदा. वेल्ड केला असेल तर या दुसऱ्या वेळी रॉकेल आणि खडू परत काढा, वेल्डच्या दोन्ही कडांना लावा. कोरडं राहिलं तर ट्रॉली जोडा. ओली रेघ आली तर आत्ताच बीम बदला, ऊस भरल्यावर नाही.

सेंटर पिनच्या निपलला आमच्याकडं आता दर दहा तासांना ग्रीस मारतो, जुनं काळं ग्रीस कडेनं बाहेर येईपर्यंत. निपल पुढच्या जाळीच्या खाली लपलेला असतो म्हणून पोरं तो विसरतात, त्यामुळं त्याच्या शेजारी बीमवर पिवळ्या पेंटचा ठिपका मारून ठेवलाय.